अहिराणी अल्बम-ऑर्केस्ट्राचा गायक संगीत नाटकात: आवाज, माईक, गीतलेखन, तारखा. तयारी नेमकी कशी करावी?

गिरणाथडी (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. एक गायक आहे, वय ३२. दहा वर्षं अहिराणी अल्बम, लग्नाचे ऑर्केस्ट्रा आणि गणपती-नवरात्रीचे कार्यक्रम गातोय. आता त्याच्याकडे दोन अंकी नव्या संगीत नाटकातली मुख्य भूमिका आली आहे. संवाद अर्धे मराठी, अर्धे अहिराणी. गाणी पाच, आणि त्यातली दोन त्यानेच लिहायची. साथीला हार्मोनियम, तबला-ढोलकी आणि एक कीबोर्ड, सगळे प्रत्यक्ष वाजवणार. पहिले प्रयोग धुळे आणि जळगावला आहेत.

गळा तयार आहे, पट्टी (गाण्याचा सा) हार्मोनियमच्या काळी एक ते काळी दोन. याआधी नाटकात काम केलेलं नाही. तालमीत दोन गोष्टी आत्ताच दिसताहेत: चालता चालता गाताना ओळीचा शेवट गळतो, आणि संवादातून गाण्यात शिरताना एकदम 'आता गाणं सुरू झालं' असं वाटतं. आवाजाचं काय करावं, माईक कोणता घ्यावा, नाटकाचं गाणं अल्बमच्या गाण्यापेक्षा वेगळं कसं लिहायचं, आणि कागदोपत्री काय सांभाळायचं? ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी नेमकं सांगावं.


तिसरीघंटा

गिरणाथडी भाऊ, पहिल्यांदा माईक. तुम्हाला दिसलेल्या अर्ध्या अडचणींचं मूळ तिथे आहे आणि लोक ते गळ्यात शोधत बसतात.

ऑर्केस्ट्रातला गायक हातातला माईक ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतो. इतक्या जवळून त्या माईकमध्ये खर्ज आपोआप फुगतो आणि आवाज भरदार होतो. वरच्या सुरावर हात लांब नेला की आवाज आपसूक आटोक्यात येतो. म्हणजे त्याचा निम्मा 'कंट्रोल' हातात असतो. नाटकात गालावर हेडसेट लागतो. त्याचं टोक बारीक असतं, चारही बाजूंनी आवाज घेतं आणि जवळ असूनही खर्ज फुगवत नाही. गायकाला स्वतःचा आवाज बारीक, कोरडा ऐकू येतो. तो घाबरून जोर लावतो आणि दुसऱ्या अंकात घसा बसतो. गळा कमकुवत असल्याचा हा पुरावा नाही. सवय मोडल्याचा परिणाम आहे. म्हणून तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून हातातला माईक पूर्ण बंद करा. पंधरा दिवस माईकशिवाय, समोरच्या भिंतीपर्यंत शब्द पोचेल एवढ्या आवाजात, आणि नंतर हेडसेट.

आता ओळीचा शेवट गळण्याबद्दल. अल्बमचा गायक श्वास चालीप्रमाणे घेतो, कारण तो जागेवर उभा असतो. चालताना तोच श्वास पुरत नाही. प्रत्येक गाणं पाच पायऱ्यांनी बसवा. आधी नुसतं संवादासारखं बोला, ताल नाही, सूर नाही. मग तेच शब्द ठेक्यात बोला. मग बसून गा. मग दिग्दर्शकाने दिलेल्या हालचालींसह गा. आणि शेवटी हातातल्या कामासह: घागर उचलणं, पागोटं बांधणं, जे काही असेल ते. प्रत्येक पायरीवर श्वासाच्या जागा संहितेत पेन्सिलीने खुणावा. चौथ्या पायरीला खुणा बदलतात, बदलू द्या. श्वास जिथे अर्थ थांबतो तिथे घ्यायचा, शब्दाच्या पोटात नाही. ओळ लांब असेल तर हालचाल कमी करायला दिग्दर्शकाला सांगा. ते मागणं रास्त असतं.

आणखी एक सवय म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी हरकत, म्हणजे सुरांची छोटी झटकन वळणारी जागा. रेकॉर्डिंगमध्ये रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) असतो, गोड लागतं. नाट्यगृहात त्या हरकतीखाली शेवटचं व्यंजन गाडलं जातं. 'हात', 'वाट', 'झोप' यातले त, ट, प शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले पाहिजेत. पाच गाण्यांत मिळून तीन-चार हरकती ठेवा आणि त्या पात्राच्या मनात काही हललं तिथेच ठेवा.

'एकदम गाणं सुरू झालं' हा दोष बहुतेक वेळा चालीचा असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचं साधं बोलणं मंद्रातल्या (खालच्या सप्तकातल्या) ध-नीच्या आसपास असतं. मुखडा (गाण्याची परत परत येणारी पहिली ओळ) मध्य पंचमावरून किंवा तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, सा वरून उचलला तर बोलणं आणि गाणं यांत जवळजवळ सप्तकाचं किंवा त्याहून जास्त अंतर पडतं. अल्बमला ते चालतं, कारण आधी बोलणं नसतंच. नाटकात मुखड्याची पहिली ओळ मंद्र पंचम ते मध्य गंधार एवढ्यात ठेवा, वर जायचं ते अंतऱ्यात (पुढच्या कडव्यात). शेवटच्या दोन संवादांखाली हार्मोनियमने षड्ज हळू धरायचा. गायक शेवटचं वाक्य त्याच सुराजवळ बोलतो आणि पहिला शब्द अर्धा बोलून अर्धा गातो. संगीत नाटकात ऑर्गनवाला सूर देत असे, तो याचसाठी. ही युक्ती जुनी आहे आणि अजून तिच्याहून बरी दुसरी नाही.


सातपुडा_७७

बोलून गायची गोष्ट बरोबर आहे, पण एक सांगतो. ज्यांना वाटतं की पॉप-रॉकचा गळा मराठी रंगभूमीला चालत नाही, त्यांनी नंदू भेंडे यांच्याकडे पाहावं. रॉक गाणारा माणूस. १९७४ साली अलेक पदमसींच्या इंग्रजी रॉक संगीतिकेत ज्यूडास झाला, आणि १९७८ साली जब्बार पटेलांनी बसवलेल्या 'तीन पैशाचा तमाशा'त मराठी रंगमंचावर गायला. गळ्याची जात त्याने बदलली नाही, शब्द स्वच्छ ठेवले. अर्थात त्याचे आईवडील आशा आणि आत्माराम भेंडे, दोघं रंगभूमीवरचे. नाटक घरातच होतं. ज्याच्या घरात ते नाही त्याला ते तालमीत मिळवावं लागतं, म्हणून तालमींचा आकडा कमी करू नका. गाण्याच्या तालमी वेगळ्या आणि नाटकाच्या वेगळ्या धरून एकूण चाळीसच्या खाली जाऊ नये. त्यातल्या शेवटच्या दहा तरी साथीदारांसह हव्यात.

बालगंधर्वांचं बालपण जळगावात गेलं, तिथलं खुलं नाट्यगृह त्यांच्या नावाने आहे. खुल्या जागी प्रयोग लागला तर छप्पर-भिंतींवरून आवाज परत येत नाही. तिथे लय जरा सैल आणि शब्द आणखी सुटे ठेवावे लागतात. बंद नाट्यगृहाची तालीम खुल्या मंचावर जशीच्या तशी चालत नाही.


अक्षरगणती

माझ्याकडून गीतलेखनाबद्दल, बाकीचं वरती आलंय.

अल्बमचं गाणं एकाच भावनेवर उभं असतं. पंधरा सेकंदांत ओळ डोक्यात बसली पाहिजे, आणि मग तीच ओळ आठ वेळा. नाटकाच्या गाण्याची कसोटी वेगळी. गाणं काढून टाकलं आणि कथा अडली नाही, तर ते गाणं नाटकाचं नाही. लिहायला बसण्याआधी कागदावर दोन वाक्यं लिहा: गाण्याआधी पात्राला काय हवं होतं, आणि गाण्यानंतर ते काय करणार आहे. दोन्ही वाक्यं सारखी निघाली तर प्रसंग चुकलाय, चालीला हात लावू नका.

पहिल्या अंतऱ्यात पात्र स्वतःची समजूत घालतं, दुसऱ्यात ती समजूत मोडते, आणि मग मुखडा तेच शब्द घेऊन परत येतो, पण आता त्याचा अर्थ दुसरा झालेला असतो. ध्रुवपदाची खरी ताकद इथे आहे. त्यासाठी मुखड्याचे शब्द दोन्ही अर्थ पेलतील असे निवडावे लागतात. 'दार', 'वाट', 'माती' असे साधे शब्द पेलतात. अलंकारिक शब्द पेलत नाहीत.

लांबी अडीच ते तीन मिनिटं. सुरुवातीचं वाद्यसंगीत चार मात्रांपेक्षा जास्त नको. वीस-तीस सेकंदांच्या इंट्रोमध्ये नट नुसता उभा राहतो आणि प्रेक्षकांचं लक्ष सुटतं. दोन अंतऱ्यांमधलं संगीत मात्र हवं, पण तिथे काय घडणार हे गीतकाराने कंसात लिहून द्यावं. उदाहरणार्थ, 'तो चिठ्ठी फाडतो'. नाहीतर ती आठ मात्रांची जागा नाच म्हणून भरली जाते.

आता अहिराणी. मराठी गाणं लिहून मग अहिराणीत 'करणं' ही सगळ्यात मोठी चूक. मात्रा बदलतात (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन). 'माझ्या गावाला' मोजा: मा-झ्या-गा-वा-ला, दहा मात्रा. 'मना गावले': एक, दोन, दोन, एक, दोन, म्हणजे आठ. केरवा या आठ मात्रांच्या तालाचं पूर्ण आवर्तन, म्हणजे एक फेरी. मराठीत बांधलेल्या चालीत अहिराणी शब्द टाकले की दोन मात्रा रिकाम्या राहतात, आणि गायक त्या 'रे', 'वं', 'बई' घालून भरतो. ऐकणाऱ्याला ते लगेच भरताड वाटतं. म्हणून आधी अहिराणीत बोला, मग ठेका पकडा, मग चाल.

'आहे'च्या जागी 'शे' येतं. एकच अक्षर, दीर्घ ए. ओळीच्या शेवटी लांबवायला फार सुंदर. त्याचा फायदा घ्या. उलट 'करी ऱ्हायना', 'जाई ऱ्हायना' हे क्रियापद जलद लयीत जीभ अडकवतं. 'ऱ्हा' नेहमी मात्रेच्या ठोक्यावर पडेल असं बसवा. ठोक्याच्या आधी घसरलं की 'करी रायना' ऐकू येतं. ळ चा य होतो: डोया, काया, केयी. ण चा न होतो: पानी, लोनी. एका गाण्यात 'डोया' आणि 'डोळा' दोन्ही आले तर पात्र कुठलं हेच कळत नाही. पात्र यावल-रावेरकडचं असेल तर बोली लेवा गणबोली (तिकडची वेगळी बोली) होते आणि क्रियापदं बदलतात. धुळे-साक्रीची अहिराणी त्या पात्राच्या तोंडी घालू नका. जळगावचा प्रेक्षक हे पहिल्या ओळीत ओळखतो.

छंदासाठी लांब जायला नको. बहिणाबाईंची अष्टाक्षरी खान्देशच्या कानात बसलेली आहे: आठ अक्षरांचा चरण, केरव्यात सहज बसतो, आणि गाता गाता बोलल्यासारखा वाटतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या गाण्यांची आणि कानबाई या खान्देशी देवीच्या गाण्यांची चाल घेता येते. पण नुसती चाल घेऊ नका, तिचा प्रसंगही घ्या. आखाजीचं गाणं माहेरी आलेल्या लेकीचं आहे. ते खलनायकाच्या तोंडी द्यायचं असेल तर ते जाणून-बुजून द्यावं.


गिरणाथडी

अक्षरगणती, मात्रांचं गणित ताबडतोब लागू पडलं. लिहून झालेल्या एका गाण्यात नेमक्या त्याच दोन मात्रा 'रे रे' घालून भरल्या होत्या. आणखी दोन गोष्टी विचारतो. साथीदार विंगेत बसणार आहेत, तिथून ठेका उशिरा ऐकू येतो आणि गायक मागे पडतो. काही जण म्हणतात सरळ ट्रॅक लावा. आणि तारखा: लग्नसराई आणि प्रयोग यांचा मेळ कसा घालायचा?


तिसरीघंटा

ट्रॅक लावू नका. ट्रॅकवर नटाला थांबता येत नाही. टाळी पडली, कुणाचा संवाद चुकला, विंगेतून यायला उशीर झाला, तरी ट्रॅक पुढे जातो. साथीदार असताना तबलजी एक आवर्तन फिरवून सांभाळून घेतो. ट्रॅकला नटाच्या तोंडाकडे बघता येत नाही.

उशिराचं कारण अंतर आहे. आवाज एका सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. गायक मंचाच्या पुढच्या कडेला आणि ढोलकी मागच्या विंगेत बारा मीटरवर असेल तर ठोका सुमारे ३५ मिलिसेकंद उशिरा पोचतो. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, त्यात ३५ चा फरक कानाला खटकतो. शिवाय गायक ऐकून गातो आणि ढोलकीवाला त्याचं ऐकून वाजवतो, म्हणून लय दर आवर्तनाला खाली बसत जाते. उपाय सोपा: पहिल्या विंगेत, गायकापासून दोन-तीन मीटरवर, छोटा मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) ठेवा. त्यात फक्त ढोलकी आणि हार्मोनियम द्या. गायकाचा आवाज त्यात घालू नका, हेडसेट लगेच शीळ घालतो. शक्य असेल तर साथीदारांना मागे बसवण्याऐवजी प्रेक्षकांच्या डावी-उजवीकडे पुढे बसवा. तबलजीला नटाचे खांदे दिसले पाहिजेत. श्वास खांद्यावर दिसतो.

हेडसेटचं आणखी थोडं. टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं मागे, गालावर, सर्जिकल टेपने दोन ठिकाणी चिकटवा. मेकअपच्या आधी चिकटवा, पावडरवर टेप धरत नाही. आपल्याकडच्या उकाड्यात घाम कपाळावरून थेट टोकात उतरतो आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. म्हणून कपाळावर पट्टी किंवा टोपी-पागोट्याची आतली घडी सुती ठेवा. कमरेच्या ट्रान्समीटरला पातळ प्लास्टिकची पिशवी. सेल प्रत्येक प्रयोगाला नवे घाला, 'मागच्या वेळी अर्धेच वापरले' हा हिशेब करू नका. द्वंद्वगीतात दोघं जवळ आले की दोन्ही माईक दोघांचे आवाज घेतात आणि आवाज पोकळ होतो. अशा जागा संहितेत खुणावून आवाजवाल्याला द्या. तो एक माईक खाली घेईल आणि दोघं एकावर गातील.


पांझरेकाठ

तारखांचं मी सांगतो. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न, या चार महिन्यांत लग्नाच्या सुपाऱ्या नसतात. तालमी तिथेच बसवायच्या. मध्ये गणपती आणि नवरात्रीचे मिळून वीस दिवस जातात, ते आधीच सोडून द्या आणि त्या काळात फक्त पाठांतर ठेवा. पहिला प्रयोग दिवाळीच्या आधी झाला तर बरा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बहुतेक वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येते आणि तेव्हाच लग्नं सुरू होतात. संगीत नाटकांची स्पर्धा हौशी नाटकांपेक्षा वेगळी असते, तिच्या तारखा सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या परिपत्रकातच बघा. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (संहिता तपासून प्रयोगाला परवानगी देणारं सरकारी मंडळ) वेळेत पाठवा. गाण्यांचे शब्द संहितेतच जोडलेले हवेत, नंतर बदलले तर तेही कळवावे लागतात.

आदल्या रात्री हळदीचा कार्यक्रम आणि दुसऱ्या दिवशी प्रयोग, हे कधीही करू नये. चार तास डीजेवरून ओरडून गायलेला गळा चोवीस तासांत पूर्ववत होत नाही. मधे दोन रात्री मोकळ्या हव्यात. प्रयोगाच्या दिवशी शेवभाजी, भरीत, ठेचा हे सगळं दुपारी एकच्या आत. संध्याकाळी तिखट खाऊन लगेच गायलं तर आम्ल वर येतं आणि वरचे सूर खरखरतात. दोन अंकांमध्ये कोमट पाणी, थंड सरबत नाही.


कागदपत्री

मानधन आणि हक्क, मोजकं.

नट म्हणून पैसे 'नाईट'प्रमाणे, म्हणजे दर प्रयोगाला, ठरवा, तालमीचा प्रवासखर्च वेगळा. गीतकार म्हणून वेगळा करार करा. दोन्ही एका कागदावर आले की गीतांचे हक्क नाईटमध्येच धरले गेल्याचं पुढे सांगितलं जातं.

लेखी हस्तांतरण नसेल तर सांगून लिहून घेतलेल्या गीताचा पहिला मालक गीतकारच असतो. नाटकाच्या निर्मात्याने पैसे दिले एवढ्याने मालकी जात नाही. पगारी नोकरीत लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. हस्तांतरण लेखी आणि सहीचं असावं लागतं. त्यात कोणतं गीत, कोणते हक्क, किती वर्षं, कोणता प्रदेश आणि किती मोबदला हे हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ही तरतूद कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ मध्ये आहे, करार करताना ते कलम समोर ठेवा. अल्बमवाले 'सर्व हक्क कायमचे' असं छापील पान पुढे करतात, त्याच सवयीने नाटकाच्या कागदावर सही करू नका. लिहा: 'या नाटकाच्या रंगमंचीय प्रयोगांपुरता परवाना'. यूट्यूब, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांना स्वतंत्र करार.

नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून कामाला येते. साहित्य किंवा संगीतकृतीला ५०० रुपये फी आहे, अर्ज केल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. शब्दांची एक आणि चालीची दुसरी, अशी नोंदणी वेगवेगळी होते. पारंपरिक कानबाईच्या चालीवर कुणाचाच हक्क नसतो. पण त्या चालीचं कुणी केलेलं ध्वनिमुद्रण त्याचं असतं, ते कापून वापरू नका. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घेऊन ठेवा. अल्बमची आधीची गीतं स्वतः लिहिलेली असतील तर तीही तिथे नोंदवता येतात, फक्त जुने करार आधी वाचा.


गिरणाथडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं: संस्थेकडे हेडसेट फक्त दोनच आहेत आणि गाणारी पात्रं चार. उरलेल्या दोघांचं काय?


तिसरीघंटा

एक हेडसेट मुख्य गायकाला, तो बदलायचा नाही. दुसरा उरलेल्या तिघांत फिरवा, पण एका अंकात एकदाच. विंगेत बदलायला दीड मिनिट आणि एक माणूस लागतो, तेवढा वेळ संहितेत आहे का ते आधी मोजा. बाकीच्यांसाठी मंचाच्या पुढच्या कडेला तीन माईक जमिनीवर सपाट ठेवा, दोन-दोन मीटरवर, खाली फोमची पट्टी, नाहीतर पावलांचा धपधप आवाज येतो. ज्यांच्याकडे हेडसेट नाही त्यांची गाणी त्या कडेपासून दीड मीटरच्या आत बसवा. हे ब्लॉकिंग, म्हणजे मंचावरच्या जागा-हालचाली, ठरवतानाच ठरवा. रंगीत तालमीत सांगितलं तर नट विसरतात आणि पहिल्या प्रयोगाला मागच्या खांबाशी उभे राहून गातात.


अक्षरगणती

आणि त्या दोघांना दिलेल्या ओळींत शब्द सुटे आणि स्पष्ट ठेवा.